बुवांच्या कानातली वायर

माझे वडील बुवा होते. बुवा म्हणजे दाढी वाढवून अंगारा देणारे नव्हेत. आमच्या सिंधुदुर्गात बुवा म्हणजे भजनाच्या मेळात पेटी घेऊन मधोमध बसणारा, पुढून गाणारा माणूस. दिवसभर बाबा भाताची चार खाचरं आणि डोंगरावरची काजूची झाडं बघायचे, आणि दिवेलागणीनंतर अंगावर धुतलेला सदरा चढवून बुवा व्हायचे. थोरली ताई लग्न होऊन गेलेली, आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा. देवाने मला गळा दिला नाही. ताल द्यायचंही त्याच्याकडून राहून गेलं. आरतीत मी टाळ्या वाजवायला लागलो की शेजारचा माणूस चुकायचा. तेव्हा घराण्याची संगीतसेवा मी दुसऱ्या मार्गाने करायची ठरवली. गाणी वाजवणारी यंत्रं आणायची.

ही सेवा किती महाग पडली ते मला बरंच उशिरा कळलं. महाग म्हणजे पैशाने नव्हे. पैसे बहुतेक वेळा भावोजींचे होते.

आमच्याकडे भजनाची डबलबारी असते. दोन मेळ समोरासमोर बसतात, दोन्हीकडे एकेक बुवा, आणि आलटून पालटून गातात. स्तवन होतं, अभंग होतात, गौळण होते आणि शेवटी गजर. गजर म्हणजे देवाचंच नाव, पण चढत्या लयीत, आणि चाल एखाद्या ताज्या सिनेमातल्या गाण्याची. लोक खरे थांबतात ते गजरासाठी. गेल्या वर्षीची चाल घेऊन बसलेल्या बुवाला समोरचा बुवा माईकवरूनच विचारतो, "काय बुवा, तुमच्या गावात अजून लाईट इली नाय काय?" आणि मंडप हसतो. त्यामुळे नवी गाणी वेळेवर मिळवणं हा बुवाच्या अब्रूचा प्रश्न.

अठ्ठ्याण्णव साली, म्हणजे मी नुकताच कुडाळला एका ऑफिसात चिकटलो होतो तेव्हा, ही कामगिरी माझ्याकडे आली. कागदावर गाण्यांची यादी लिहून मी कुडाळच्या दुकानात द्यायचो, चार दिवसांनी कॅसेट भरून मिळायची, आणि ती शर्टाच्या खिशात घालून मी संध्याकाळच्या एसटीने घरी यायचो. कट्टा गावाला उतरून पुढे पंधरा मिनिटं चालायचं. त्या पंधरा मिनिटांत मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

पडवीत मेळ जमलेलाच असायचा. बाबा धरून नऊ माणसं. टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायचा आणि भोवती सगळे. बाबांच्या उजव्या हाताला पखवाजी काका. दोघं एका वर्गात होते, एकाच वर्षी नापास झाले होते, आणि चाळीस वर्षं एकमेकांना तू-तुकार करत होते. बाकी सगळे कोरसवाले, कुणाच्या हातात टाळ, कुणाच्या हातात झांज. यंत्राची बटणं माझ्याकडे.

"मागे घी."

मी टेप मागे घ्यायचो.

"इतको मागे नको रे! ता 'हो' म्हणता ना, थंयसर."

"थंय 'हो' नाय, 'ओ' आसा," झांजवाले म्हणायचे.

"तुज्या कानात मळ आसा," पखवाजी काका म्हणायचे. "परत लाव रे, झिला."

एका गाण्याची चाल बसायला चार-पाच संध्याकाळी लागायच्या. तोपर्यंत ते गाणं नऊच्या नऊ माणसांच्या अंगात शिरलेलं असायचं. कोरसचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. बुवा ओळ एकदा गातो, कोरस ती दोनदा म्हणतो. पण त्या दोन वेळांत बुवा श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, समोरच्या बुवाकडे एक नजर टाकतो, घोटभर पाणी पितो. कोरस बुवाला पाठीमागून धरून उभा करत असतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, मागे बसलेली माणसं चहासाठी येतात.

चहा मात्र व्हायचा. आई गेली तेव्हापासून तो मी करत होतो, आणि दोन हजार साली माझं लग्न झाल्यावर बायको करायला लागली.

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, जहाजावरून सुट्टीवर आले आणि मला एक सीडी प्लेअर देऊन गेले. ताटलीएवढा, चपटा, चंदेरी. झाकण उघडून सीडी ठेवली की आत गरगर फिरायची. असं यंत्र आमच्या पंचक्रोशीत दुसरं नव्हतं, आणि ही गोष्ट मी पंचक्रोशीला कळू दिली. एसटीत मी तो कानाला लावून बसायचो. फक्त एक अडचण होती. गाडी खड्ड्यात गेली की गाणं उडायचं, आणि आमच्या रस्त्यावर खड्डे सोडून बाकी काही नव्हतं. मग मी तो दोन्ही तळव्यांवर अलगद धरायला लागलो, गाडी आपटली की हात वर उचलायचो. कंडक्टरने एकदा माझ्यासमोर उभं राहून हात जोडले. "आरती घेवची आसा काय, साहेब?" म्हणाला.

पडवीत त्याला स्पीकरचे दोन डबे जोडून मी तो मेळासमोर मांडला. आवाज स्वच्छ, टेपसारखी खरखर नाही. बाबांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली. पखवाजी काकांनी कणीक मळून पखवाजाच्या पुडीला चिकटवली, हात झटकला, आणि पहिली थाप मारली. गाणं उडालं. मी परत लावलं. दुसरी थाप, परत उडालं. पडवीची जमीन लाकडी फळ्यांची नव्हती, चांगली कोबा केलेली होती, तरीही पखवाज घुमला की आतली सीडी दचकायची. मी यंत्राखाली उशी ठेवली. घडी केलेलं पोतं ठेवलं. शेवटी मी काकांना म्हटलं, "काका, वायच हळू वाजवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाबांना म्हणाले, "बुवा, तुज्या झिलाचा मशीन माका घाबरता."

नऊ माणसं इतकी हसली की आतून बायको बघायला आली. सीडी प्लेअर कपाटात गेला आणि टेपरेकॉर्डर परत मध्ये आला. मला राग आला होता. आज मला वाटतं, त्या यंत्राला जेवढी अक्कल होती तेवढीही मला नव्हती. पखवाज आणि आपण एका पडवीत नांदू शकत नाही हे त्याला एका थापेत कळलं होतं.

दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे मुलगी झाली. मी ऑफिसातून यायचो, आणि पडवीतून आत जायला नऊ माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढावी लागायची. टीव्ही लावला तर आवाज येत नसे. पोर झोपली तर पखवाजाने उठायची. म्हणजे मी तसं सांगायचो. खरं तर ती त्या आवाजात ढाराढूर झोपायची, आणि मेळ उठून गेल्यावर शांतता झाली की रडायला लागायची. बायकोने चहाबद्दल कधी तक्रार केली नाही. तिच्या नावाने मी केली. बाबांसमोर थेट नाही. पण भांडी जरा आपटून ठेवायची, "आज परत?" असं दारात उभं राहून म्हणायचं, पडवीतला दिवा लागायच्या आधी मुद्दाम आत जाऊन बसायचं. सुशिक्षित माणूस घरातल्या माणसाला जे जे न बोलता सांगू शकतो ते सगळं मी सांगत होतो.

त्यातच भावोजी परत आले आणि त्यांनी मला खडूएवढी एक वस्तू दिली.

"एमपीथ्री," ते म्हणाले. "ह्यात सीडी नाय, टेप नाय, फिरणारा कायच नाय. कितीय आपट, गाणां उडणा नाय."

एकशे अठ्ठावीस एमबीचा प्लेअर. पोटात एक बारीक सेल, पाठीवर नखाएवढा पडदा, आणि एक काळी वायर, तिला दोन फाटे. तीसेक गाणी मावायची. गाणी भरायला मी कुडाळच्या सायबर कॅफेत जायचो. तिथल्या कॉम्प्युटरला ती खडूची कांडी आधी ओळखूच आली नाही. कॅफेवाल्याने चार वेळा काढून घातली, फुंकर मारली, मग कुठे तिने तोंड उघडलं. मराठी नावं पडद्यावर नुसत्या चौकोनांची रांग होऊन दिसायची, त्यामुळे मी बाबांना आकडे पाठ करून दिले. सात नंबरला हे, बारा नंबरला ते.

बाबांना ती वस्तू मनापासून आवडली, हे मी सांगितलंच पाहिजे. पहिल्यांदा वायर कानात घातली तेव्हा ते दचकून मागे वळून बघायला लागले. मग म्हणाले, "अरे, ह्यो तर माज्या डोक्यात बसान गाता!" आणि तिथेच ओरडायला लागले, कारण आपला आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. पुढे आठवडाभर ते खिशात प्लेअर आणि कानात वायर घालून काजूच्या झाडांखाली फिरत होते. वाडीत बातमी पसरली की बुवांना ऐकू येईनासं झालं, मुलाने मशीन आणून दिलं. दोन बायका चौकशीला येऊन गेल्या. एकीने माझ्या बायकोला हळूच विचारलं, "सरकारी दवाखान्यात मेळता काय गो तां? माज्या सासऱ्याक पण होयां होतां."

आता मी केलं ते सांगतो.

त्या संध्याकाळी मेळ जमला. टेपरेकॉर्डर मध्ये होता. मी पडवीत गेलो, टेपरेकॉर्डर उचलला आणि म्हटलं, "आता ह्याची गरज नाय. बाबांकडे नवीन मशीन आसा. बाबा निवांत चाल बसवतले. तुमका रोज रोज येवची दगदग कित्याक? बारीच्या दोन दिवस आधी सगळे जमा, बाबा सांगतले, की झाला."

माझ्या बोलण्यात काळजी होती. "दगदग" हा शब्द मी ठरवून आणला होता.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा हातातल्या त्या कांडीकडे बघत होते. अंगठ्याने त्यांनी बटण दाबलं, पडदा उजळला, विझला. "हां," ते म्हणाले. "तसां करूया."

पखवाजी काकांनी तेव्हा पुडीला नुकतीच कणीक लावली होती. ती त्यांनी नखाने खरवडून काढली, गोळा केला, अंगणात कोंबड्यांना टाकला, आणि पखवाज खांद्याला अडकवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पडवी मोकळी. मी ऑफिसातून आलो, सरळ आत गेलो, बातम्या लावल्या आणि पाय लांब केले. मला फार छान वाटलं. इतकं छान वाटलं होतं हे लिहायला आज हात जड होतो, पण ते तसं होतं.

पुढच्या माघात बाबांना रेडीची बारी आली. माघी गणपतीचा उत्सव, समोर पिंगुळीकडचा एक तरुण बुवा. रेडीची बारी म्हणजे मान होता. बाबांचं वय तेव्हा एकसष्ट-बासष्ट. ते मला म्हणाले होते, "ही एक बरी झाली ना, की पुढची धा वर्सां माका कोण म्हाताऱ्यात काढूचो नाय." एवढंच त्यांना हवं होतं. ही बारी जिंकणंसुद्धा नको होतं, बरी व्हायला हवी होती.

गजरासाठी त्यांनी त्या वर्षीच्या एका गाजलेल्या गाण्याची चाल घेतली. बारा नंबर. महिनाभर ती त्यांच्या कानात होती. चाल अवघड होती, आणि एक खोच होती: दुसऱ्या ओळीच्या आधी वाद्यांचा एक छोटा तुकडा यायचा, आणि ओळ त्या तुकड्याच्या शेपटीवर, अर्धी मात्रा सोडून, उचलायची. तो तुकडा ऐकलेला असला की ओळ आपोआप हातात येते. ऐकलेला नसला तर अंधारात पायरी शोधायची. बाबांच्या कानात तो तुकडा रोज वाजत होता. बाकी आठजणांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

बारीच्या दोन दिवस आधी मेळ बोलावला. पाचजण आले. माघात काजूला मोहोर आणि कुळथाची काढणी, माणसं मोकळी नसतात. पूर्वी रोज यायची सवय होती तेव्हा ती कशीही यायची, सवय मोडल्यावर प्रत्येकाला काम सापडलं. बाबांनी पेटीवर चाल दाखवली. पाचजणांनी माना हलवल्या. मी टेपरेकॉर्डर काढून द्यायला हवा होता. मी आत मॅच बघत होतो.

रेडीत रात्री दशावतारी नाटक होतं म्हणून बारी दुपारी चारला ठेवली होती. आम्ही टेम्पोतून गेलो. बंदराकडे खाणीतल्या तांबड्या मातीने भरलेले ट्रक जात होते, रस्त्याकडेच्या झाडांची पानं तांबूस झाली होती, आणि मंडपाच्या मागच्या कनातीच्या फटीतून समुद्रात उभी असलेली जहाजं दिसत होती. बाबा उत्साहात होते. स्तवन सुंदर झालं. अभंगाला एका म्हाताऱ्याने उठून पेटीवर फूल ठेवलं. समोरचा तरुण बुवाही गोड गात होता. त्याला कुणीतरी वायरची गोष्ट सांगितली असावी, कारण आपला गजर संपवून तो माईकवर म्हणाला, "बुवा, मी आयकलंय तुमी कानात काय तरी घालतास. माजो गजर आयकूक येवचो नाय म्हणान काय?"

मंडप हसला. बाबाही हसले. "तुजो आयकलंय," म्हणाले, "आता तू माजो आयक." आणि त्यांनी बारा नंबर सुरू केला.

पहिली ओळ लागली. कोरसने ती उचलली. लोकांनी चाल ओळखली, मागच्या रांगेतून शिट्टी आली. मग बाबांनी दुसरी ओळ घेतली, ती अर्धी मात्रा सोडून, अगदी गाण्यात होती तशी, आणि थांबले, कोरससाठी.

कोरस आला नाही.

दोघे आले, पण चुकीच्या जागी. एकजण आधीच थांबला. झांजवाले बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. पखवाजी काकांचा हात वर होता, तो खाली कुठे टाकायचा ते त्यांना कळत नव्हतं, आणि चाळीस वर्षांत तो हात असा हवेत राहिलेला कुणी पाहिला नव्हता. बाबांनी ओळ स्वतःच परत म्हटली. परत थांबले. परत तेच. मग ते थांबायचेच बंद झाले. कोरसच्याही ओळी ते स्वतः गायला लागले, एकामागून एक, लय चढत होती आणि श्वास घ्यायला जागा नव्हती. तिसऱ्या कडव्यात त्यांचा आवाज फाटला. पेटी चालू राहिली, गळा बंद पडला, आणि ते खोकायला लागले.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला ती चाल येत होती. मीच ती भरून आणली होती. पण मी तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं हे मला माहीत होतं.

तेवढ्यात समोरच्या बाजूने ओळ आली. त्या तरुण बुवाने पेटीवर बाबांचाच सूर धरला, ओळ उचलली, आणि त्याच्या आठ माणसांनी ती दोनदा म्हटली, नेमक्या जागी, अर्धी मात्रा सोडून. ती चाल त्यांनीही बसवली होती. कशी, ते नंतर कळलं. देवळाच्या ओट्यावर, मध्ये टेप ठेवून, सगळ्यांनी मिळून. त्यांनी बाबांचा गजर शेवटापर्यंत नेला. बाबा पेटी वाजवत राहिले. मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि त्या टाळ्या त्या पोरसवदा बुवाच्या चांगुलपणाला होत्या. त्याचा राग धरायला मला आजवर एकही कारण सापडलेलं नाही. सापडलं असतं तर सोपं झालं असतं.

परत येताना टेम्पोत मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो होतो. मागून एकदाच पखवाजी काकांचा आवाज आला.

"चाल बरी होती, बुवा. पण आमका ती खंय म्हायत होती?"

"चुकी माजी," बाबा म्हणाले.

ती जागा माझी होती. मागे वळून एक वाक्य म्हणायचं होतं. मी ड्रायव्हरला विचारलं, गाडी किती ॲव्हरेज देते.

त्यानंतर बाबांनी बारीची सुपारी घेतली नाही. बोलावणी दोन वर्षं येत होती, मग थांबली. मेळ मोडला असं कुणी जाहीर केलं नाही. पखवाजी काका कट्ट्याकडच्या एका मेळात वाजवायला लागले, दोघे-तिघे मुंबईला मुलांकडे गेले, झांजवाले वारले. बाबा संध्याकाळी धुतलेला सदरा घालायचे आणि पडवीत बसायचे, कानात वायर घालून.

आणि मी भरपाई करत होतो, म्हणजे आणखी यंत्रं आणत होतो. एक जीबीचा आणला. मग एक आला, त्यात हजारो गाणी मावत होती आणि गाण्याबरोबर चित्रही दिसत होतं. बाबांनी तो उलटसुलट करून बघितला. "इतकी गाणी कोण आयकतलो रे?"

"तुमी."

"माका एक जल्म पुरूचो नाय," म्हणाले, आणि जुनाच लावला. पुढे मोबाईलमध्येच कार्ड आलं, गाणी कुणाच्याही खिशात वाजायला लागली, एसटीत तर पुढच्या सीटवर एक गाणं आणि मागच्या सीटवर दुसरं. सायबर कॅफे बंद झाला. मी आणलेली यंत्रं एकेक करून मुकी होत गेली, आणि त्यांची जागा घ्यायला माझ्याकडे नवी कल्पना उरली नाही.

दोन हजार नऊच्या सुमारास कट्ट्याच्या बाजारात मला पखवाजी काका भेटले. हातात पिशवी, पिशवीत सुकी मासळी. मी म्हटलं, "काका, येवा ना एकदा घराकडे. बाबा एकटेच बसतत."

"बुवान बोलवल्यान?"

"मी बोलवतंय."

"तू?" त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तूच नको म्हटलंस मा? दगदग होता म्हणान." आवाजात राग नव्हता. "माका काय दगदग होत नव्हती हां तेवा. सांगूचा रवला."

त्या दुपारी मी घरी आलो तेव्हा बाबा अंगणात सुपलीत काजूगर निवडत होते. मी समोर बसलो आणि चार-पाच वर्षं तोंडात धरलेलं वाक्य बोललो. मेळ बंद केला तो तुमच्या सोयीसाठी नव्हे. मला आवाज नको होता. माणसं नको होती. रेडीला जे झालं ते माझ्यामुळे.

बाबा निवडत राहिले. "माका म्हायत होतां."

"काय म्हायत होतां?"

"पैल्याच दिवशी कळला माका. ह्या वायरीन चाल एकट्याक कळता, मेळाक नाय. तितकी अक्कल आसा माका, मी काय तुज्यासारखो शिकलेलो नाय." ते किंचित हसले. "पण तुका ते येवचे नको होते. रोज दारात तोंड करून उभो रवायचंस. घर तुजां पण आसा. म्हटलां, तुका वायच निवांत मेळूंदे. चाल काय, दोन दिवसांत सांगान बसतली." खवट निघालेला एक गर त्यांनी बाजूला टाकला. "नाय बसली."

मला वाटत होतं मी कबुली द्यायला आलोय. त्यांनी ती पाच वर्षं आधीच घेऊन ठेवली होती, आणि कानात वायर घालून तिच्यावर पांघरूण घातलं होतं.

"आता बोलवया सगळ्यांका," मी म्हटलं. "मी जावन घेवन येतंय. काका येतले."

"नको."

"कित्याक?"

"तेचो हात थरथरता आता. तुका बाजारात दिसला नाय? थंय त्या मेळात पण तेका नुसतो बसवन ठेवतत, मान म्हणान. आणि माजो दम गेलो. आमका दोघांका समोरासमोर बसवन तू काय बघतलंस?"

मी आत गेलो आणि त्यांची पेटी अंगणात आणली. भाता आखडला होता, दोन सूर बसले होते. भिंतीवरचे टाळ काढले, दोरी कुजली होती ती बदलली. बाबा माझ्याकडे बघत होते, जसा माणूस झाडावर चढायला निघालेल्या गाईकडे बघेल.

"तू?" म्हणाले.

"मी कोरस."

त्यांनी कपाळाला हात लावला. पण पेटी पुढे ओढली. चाल कुठली घ्यावी याचा त्यांना विचार करावा लागला नाही, आणि पहिले दोन सूर ऐकल्यावर मलाही कळलं. त्यांनी पहिली ओळ म्हटली, मोजून, हळू. मी ती परत म्हटली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. दुसरी ओळ त्यांनी अर्धी मात्रा सोडून घेतली. मी टाळ भलतीकडे वाजवला, ओळ एकदा म्हटली आणि थांबलो.

ते पुढे गेले नाहीत. त्यांची छाती वरखाली होत होती.

"दोनदा म्हण रे," ते म्हणाले. "माका दम घेवंदे."

मी परत म्हटली. सूर नव्हता, जागा चुकली होती, आणि पखवाज तर नव्हताच. बाबा डोळे मिटून, पेटीवर हात ठेवून, तेवढ्या वेळात श्वास घेत होते.